आप्पांची गार गाडी

आप्पांनी जन्मात एकच गाडी घेतली आणि ती वीतभरसुद्धा चालवली नाही. चालवायची नव्हतीच मुळी. "मला कुटं जायचंय?" असं ते समोरच्याला विचारायचे, आणि अशा नजरेनं विचारायचे की समोरचाच आपण कुठं निघालो होतो ते विसरायचा. मी त्यापायी दोनदा ड्यूटीला उशिरा पोचले.

आप्पा माझे सोलापूरचे घरमालक. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर मी साताऱ्याहून तिथल्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर म्हणून बदलून गेले आणि त्यांच्या मागच्या खोलीत तीन उन्हाळे काढले. उन्हाळेच म्हणते, कारण सोलापुरात वर्षं तशीच मोजायची. बाकीचे महिने उन्हाळ्याची तयारी करण्यात जातात.

एकट्या बाईला खोली देताना मालक जे जे विचारतात त्याची उत्तरं मी तोंडपाठ करून गेले होते. कुठल्या, कोणाच्या, जेवणात काय चालतं, कोण येणार, कोण जाणार. आप्पांनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. पांढरं धोतर, अर्ध्या बाह्यांचा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे आणि हातात एक लाकडी फळी, तिच्यावर शेजारी शेजारी ठोकलेले दोन थर्मामीटर. ती फळी त्यांनी माझ्या तोंडासमोर धरली आणि म्हणाले, "बाई, तुमाला घाम लई येतो का ओ?"

मला तशीच साताऱ्याची एस.टी. पकडावीशी वाटली. पाठीमागून त्यांच्या बायकोनं, म्हणजे अव्वांनी, कपाळाला हात लावला तो मला दिसला आणि त्या हातावर भरवसा ठेवून मी थांबले. आप्पांचं म्हणणं इतकंच होतं की खोली पश्चिमेची, दुपारी तिची भट्टी होते, ज्याला घाम सुटतो त्याला ती सोसते, ज्याला सुटत नाही त्याला ताप भरतो. काळजीच होती ती भाडेकरूची. पण काळजी बोलून दाखवायची काही रीत असते की नाही?

त्या फळीचा उलगडा मला मागाहून झाला. आप्पांची सगळी नोकरी कापडगिरणीत गेली. सोलापूरची हवा कोरडी ठणठणीत आणि कोरड्या हवेत सूत तटातटा तुटतं. म्हणून सुताच्या खात्यात पाण्याचे बारीक फवारे सोडून हवा दमट आणि गार ठेवायची, आणि ती तशी राहिली का हे फळीवर बघत राहायचं. एक थर्मामीटर कोरडा, दुसऱ्याच्या तळाला ओल्या मलमलीची चिंधी. दोघांत किती अंतर पडलं ते बघितलं की हवेत पाणी किती ते कळतं. बत्तीस वर्षं हा माणूस हेच बघत होता. निवृत्त होताना लोक घड्याळ घेऊन घरी येतात, आप्पा ती फळी मागून घेऊन आले.

सकाळी उठून अंगणात उभं राहायचं आणि मोठ्यानं आकडा सांगायचा, हा त्यांचा नेम. कोणाला सांगायचे? कोणालाच नाही, गल्लीला. दुपारी दोन वाजता पुन्हा. मंगळवेढ्याचे साडू आले तर 'बसा' म्हणायच्या आधी 'तिकडं किती हाय?' पाहुणा बिचारा ज्वारीचा भाव सांगायचा. आप्पांना पारा हवा असायचा. घरात पंखा नव्हता. पंखा गरम हवा हलवतो, गार करत नाही, हलवायला मला हात आहे, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. मी माझ्या खोलीत टेबलफॅन आणला तर आठ दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत, आणि नवव्या दिवशी येऊन मला म्हणाले की तुम्ही स्वतःला फसवायलाय, मला वाईट वाटतं.

आणि गाडी. अंगणाच्या निम्म्या भागात ती पसरलेली असायची. लांबरुंद अमेरिकन गाडी, मूळ रंग दुधी, पण ऊन खाऊन खाऊन पिवळी पडलेली. कर्नाटकच्या सीमेपलीकडच्या कुठल्याशा छोट्या संस्थानिकाची होती. तनखे बंद झाले, मग पेट्रोल महागलं, आणि त्या घराण्यानं ती भंगारात काढली. गिअरबॉक्स आधीच कोणी तरी काढून नेला होता, म्हणून तिला गिऱ्हाईक नव्हतं. आप्पांना नेमकी तीच सोयीची वाटली. इंजिन धडधाकट होतं, आणि त्या इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारं, डॅशबोर्डाखालून गार हवा सोडणारं यंत्र जागच्या जागी होतं. गाडीला एअरकंडिशन! आमच्या गल्लीत तर सोडाच, अख्ख्या पेठेत कोणी तसलं ऐकलेलं नव्हतं. मालट्रकवर चढवून आप्पांनी ती घरी आणली, चाकांखाली दगड लावले, आणि धूर घरात येऊ नये म्हणून छपराचा पत्र्याचा पन्हळ मागच्या धुराड्याला जोडून भिंतीवरून बोळात काढला. बोळातून जाणारा माणूस आधी धुरात सापडायचा आणि मग आप्पांच्या तोंडी, कारण धुराला नावं ठेवलेली त्यांना खपत नसत.

अव्वांचं दुःख वेगळंच होतं. ते अंगण त्यांचं वाळवणाचं होतं. ज्वारीचे पापड, सांडगे, मिरच्या, सगळं तिथं पसरायचं. गाडी आली आणि जागा गेली. पण अव्वा काही रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी बॉनेटवर जुनं धोतर अंथरलं आणि पापड घातले. तो पत्रा एवढा तापायचा की सकाळी घातलेले पापड दुपारच्या जेवणाला तयार. टपावर सांडगे, डिकीवर मिरच्या. आप्पा आतल्या बाजूनं गाडी गार करायच्या खटपटीत आणि अव्वा बाहेरच्या बाजूनं तिच्या उन्हावर संसार करायलेल्या. एकाच गाडीवर दोघांचे दोन धंदे, आणि दोघांनाही दुसऱ्याचा धंदा अडगळ वाटायचा.

हे सगळं कशासाठी, ते आप्पांनी मला एकदाच सांगितलं. मी विचारलं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात अव्वा त्यांचा डबा घेऊन गिरणीवर गेल्या होत्या. खात्याचं दार उघडलं तसा आतला गारवा त्यांच्या तोंडावर आला. भर वैशाख, उन्हातून अनवाणी चालत आलेली सोळा-सतरा वर्षांची पोरगी. तिनं डबा हातात दिला आणि एवढंच विचारलं, सुताला एवढा गारवा करता, मग माणसाला का नाही? आणि निघून गेली.

"तवापास्नं ऋण हाय बघा माझ्यावर," आप्पा म्हणाले. "एक दुपार. एक दुपार हिला गारव्यात बसवायची, आनि हिच्या तोंडनं 'गार हाय' म्हणून ऐकायचं. मग ती गाडी भंगारात जाऊ दे न्हायतर काय बी होऊ दे."

मी अव्वांना हळूच विचारून बघितलं, तुम्ही असं म्हणाला होतात का हो? त्या लाटणं थांबवून विचारात पडल्या. मग म्हणाल्या, मी डबा घेऊन कधी गेलेच नव्हते, डबा न्यायला डबेवाला गडी यायचा. काय करणार? मी हे आप्पांना सांगितलं नाही. तोंड आहे म्हणून सगळंच बोलायचं नसतं, एवढं मला एक्स्चेंजच्या नोकरीनं शिकवलं होतं.

दर उन्हाळ्यात एकदा परीक्षा व्हायची. आप्पा काही तरी नवी युक्ती करून गाडी सुरू करायचे आणि अव्वांना हाक मारायचे. अव्वा हात पुसत यायच्या, पण गाडीत पाय ठेवायच्या नाहीत. खिडकीतून नुसता हात आत घालून हवा निघते तिथं धरायच्या, क्षणभर थांबायच्या आणि निकाल द्यायच्या, "बरी गाळी." की लगेच पुन्हा चुलीकडे.

मी नवी होते तेव्हा हे ऐकून मला आनंद झाला. मी आप्पांना म्हटलं, अहो, अव्वा बरी म्हणाल्या की! आप्पांनी माझ्याकडे फार दुःखानं बघितलं. त्यांच्या घरात निम्मं बोलणं कानडीत चालायचं आणि मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. कानडीत 'गाळी' म्हणजे वारा आणि 'बरी' म्हणजे नुसता. नुसता वारा! म्हणजे आप्पांनी दोन महिने राबून जे केलं होतं तो पंखा होता. याहून मोठा अपमान त्यांना दुसरा नव्हता. त्या वर्षीची युक्ती होती बर्फाची. डॅशबोर्डाखाली बर्फाची अख्खी लादी कोंबली होती. वारा गार व्हायच्या आत लादी वितळली आणि गाडीतून पाणी वाहून थेट अव्वांच्या मिरच्यांखाली गेलं.

माझ्या तिसऱ्या उन्हाळ्यात आप्पांनी मेहबूबभाईंना आणलं. मेहबूबभाई फ्रिज दुरुस्त करायचे. बार्शीकडचे, सोलापुरात नुकतेच आलेले, बुटके, शांत, कानाला पेन्सिल. त्यांनी बॉनेट उघडायला सांगितलं, म्हणजे आधी अव्वांना पापड उचलायला सांगावं लागलं, आणि मग बराच वेळ आत बघून ते म्हणाले, "आप्पा, ये तो फ्रिजच हाय. निस्तं फ्रिजाला चाकं लावल्यात."

आप्पांनी त्यांना मिठी मारायचीच बाकी ठेवली होती. इतकी वर्षं कोणी त्यांची गाडी ओळखली नव्हती.

पुढचे पंधरा दिवस घराचं पार गॅरेज झालं. गॅस कुठून निसटतो ते शोधायचं म्हणून नळ्यांमध्ये हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून बघायचं. जिथे फेसाला फुगा येईल तिथे भोक. फेस लावायला ब्रश हवा, तर आप्पांनी स्वतःचा दाढीचा ब्रश दिला. पंधरा दिवस दाढी नाही. सात भोकं सापडली. प्रत्येक भोक सापडलं की आप्पांना एवढा आनंद व्हायचा की वाटावं नळीला भोक पडलं नसून नातवाला दात आलाय. मेहबूबभाईंनी ती झाळून बुजवली. मग नळ्यांतली हवा ओढून काढायची, कारण आत थेंबभर जरी ओल राहिली तरी ती गोठून वाट अडवते. त्यासाठी मेहबूबभाईंनी एका मोडक्या फ्रिजाचं यंत्र उलटं जोडलं. हे काम आप्पा दुपारी दोनलाच करू द्यायचे, कारण तेव्हा हवा सगळ्यात कोरडी असते. बत्तीस वर्षं हवेत पाणी घालणारा माणूस आता भर उन्हात उभा राहून नळीतला शेवटचा थेंब हुसकत होता, आणि फळी बघून आकडे सांगत होता, आणि मेहबूबभाई बिचारे 'हौ आप्पा, हौ आप्पा' करत घाम पुसत होते.

गॅस फक्त पुण्याला मिळायचा. त्याचा ट्रंक कॉल अर्थात मीच लावून दिला. फ्रिजाला छटाक-दोन छटाक गॅस पुरतो, या गाडीला दोन किलो हवा म्हटल्यावर पलीकडचा व्यापारी मला विचारायला लागला, बाई, फ्रिज आहे की बर्फाचा कारखाना? मी म्हटलं, गाडी आहे. तो म्हणाला, कुठली? मी म्हटलं, उभी असते ती. त्यानं पत्ता लिहून घेतला.

सिलिंडर आला. मेहबूबभाईंनी गॅस सोडायला सुरुवात केली. नळीच्या वाटेवर एक बारीक काच होती, बोटाच्या नखाएवढी, तिला ते दोघं डोळा म्हणायचे. गॅस कमी असला की डोळ्यात फेस दिसतो, पुरता भरला की डोळा स्वच्छ होतो. सुरुवातीला थोडाच गॅस गेला होता, डोळ्यात दुधासारखा फेस होता, पण आप्पांना कुठला दम निघतोय. त्यांनी तेवढ्यातच अव्वांना हाक मारली. अव्वा आल्या, हात घातला, म्हणाल्या, "बरी गाळी," आणि गेल्या.

मेहबूबभाईंनी पाना खाली ठेवला. चेहरा उतरला. त्यांनी हत्यारं पिशवीत भरायला घेतली तेव्हा आप्पा गडबडले. काय झालं, काय झालं? मेहबूबभाई मान खाली घालून म्हणाले, "अम्मा ने बुरी गाली दिये. हम क्या उनका बुरा किये?"

हे समजावायला अर्धा तास गेला. अव्वांना बोलवावं लागलं, त्यांना ज्या शब्दावर माणूस रुसला तो शब्द पुन्हा उच्चारायची बंदी घालावी लागली, त्यांनी मेहबूबभाईंना ताक दिलं, आणि शेंगाचटणी-भाकरी खाल्ल्यावर मग कुठे पाना परत बाहेर आला. अव्वा पदराआड हसत होत्या. मीही हसले. आप्पा नाही हसले. त्यांच्या मते निकाल घाईचा होता आणि अर्ध्या पेपरावर मार्क दिले होते.

दुसऱ्या दिवशी सगळा गॅस भरला. डोळा स्वच्छ झाला. दुपारी अडीच वाजता मी स्वतः गाडीत बसून बघितलं आणि खोटं कशाला बोलू, अंगावर काटा आला. सोलापुरात, मे महिन्यात, अंगावर काटा! आप्पा पुढच्या सीटवर फळी धरून बसले होते आणि पारा उतरताना एकेक आकडा देवाचं नाव घ्यावं तसा घेत होते. पाच मिनिटं थांबू, म्हणाले, आणखी दोन उतरू दे, मग बोलावतो. मेहबूबभाई पाणी प्यायला ओट्यावर गेले. त्याच पाच मिनिटांत अव्वा मागच्या दारानं धुणं घेऊन आल्या.

या यंत्राची गंमत अशी की ते गाडीतली गरमी उचलून पुढच्या जाळीत आणून टाकतं. पंखा बाहेरचा वारा त्या जाळीतून आत ओढतो आणि गरमी निघून जाते. अव्वांना यातलं काही ठाऊक नव्हतं. त्यांना एवढंच ठाऊक झालं होतं की गाडी चालू असली की तोंडाशी वारा ओढला जातो, फडकं लावलं तर घट्ट चिकटून बसतं, उडत नाही आणि चट्कन वाळतं. त्यांनी आप्पांचं धोतर पिळलं आणि दुहेरी घडी घालून नीट, सुरकुत्या काढून, जाळीवर लावलं.

जाळीचा श्वासच कोंडला. मोठा फटाका वाजावा तसा आवाज झाला, नळी फुटली, बॉनेटखालून पांढरा लोट उठला आणि दोन किलो गॅस आमच्या डोळ्यांदेखत मोकळ्या अंगणात निघून गेला. क्षणभर अंगण गार झालं होतं म्हणतात. माझं लक्ष नव्हतं, मी गाडीच्या दाराच्या कडीशी झटत होते.

आप्पा उतरले. धोतराकडे बघितलं. ते काढून त्यांनी दोरीवर वाळत घातलं, चिमटा लावला आणि घरात जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. एक शब्द बोलले असते तर बरं झालं असतं. अव्वा दारात उभ्याच. त्यांना कोणी काही सांगितलं नाही, पण जाळी, धोतर आणि फुटलेली नळी यांचा हिशेब लावायला फार शिकलेलं असावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात आकडा ऐकू आला नाही. दुपारीही नाही. फळी खुंटीला, चिंधी कोरडी पडलेली. बोळातले लोक मला विचारायला लागले, आप्पा गावाला गेलेत का? साडू आले, त्यांनी आपण होऊन मंगळवेढ्याचा पारा सांगितला, तर आप्पा म्हणाले, असंल. मेहबूबभाई नवी नळी घेऊन येऊन बसून गेले. असे आठ दिवस गेले. मला त्या घरात तोवर आकड्याचा वैताग होता. आठ दिवसांत मला त्याची अशी सवय लागल्याचं कळलं की मी एक्स्चेंजातून वर्तमानपत्र आणून आदल्या दिवसाचा आकडा मुद्दाम मोठ्यानं वाचायला लागले. आप्पा ढिम्म.

नवव्या दिवशी मी ड्यूटीला निघाले तर अव्वा दाराशी आल्या. इकडंतिकडं बघितलं. बॉनेटवर पापड नव्हते, तेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं. त्यांनी सगळं वाळवण गच्चीवर नेलं होतं, गुडघे दुखत असताना, लोखंडी शिडीनं.

"पुन्याला फोन लाव की गं पोरी," त्या म्हणाल्या. "तो गॅस सांग. त्यांना कळू देऊ नको."

"अव्वा, तुम्ही बसणार आहात का गाडीत? नाही तर उपयोग काय?"

"बसते की. पर आदी ते बोलू देत. घर लई गप झालंय."

मी कॉल लावला. अर्जंट लावला, माझ्या नावावर. व्यापाऱ्यानं विचारलं, परत दोन किलो? पहिल्याचं काय झालं? मी म्हटलं, धोतर वाळवलं. त्यानं पाठवतो म्हणून फोन ठेवला.

सिलिंडर आला तो अव्वांनी मेहबूबभाईंना सांगून आणवला आणि आप्पांच्या उशाशी उभा करून ठेवला. आप्पा उठून बसले. सिलिंडरावर हात फिरवला. मग अव्वांकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग उठून खुंटीवरची फळी काढली, चिंधी भिजवली आणि अंगणात जाऊन उभे राहिले. "त्रेचाळीऽस!" मला खरंच भरून आलं. त्रेचाळीस डिग्रीला भरून येणारी मी एकटीच असेन.

नळी बदलून, हवा ओढून, गॅस भरून झाला. डोळा स्वच्छ झाला. पण मेहबूबभाई खूश दिसेनात. त्यांनी आप्पांना बाजूला घेतलं. त्या फटाक्यात यंत्राच्या दांड्यापाशी असलेलं सील दुखावलं होतं आणि तसलं सील तर मुंबईलाही मिळेल का शंका. "टिकंगा नई आप्पा. एक घंटा, लई तर दोन. बिठाव अम्मा को, अभी बिठाव."

अव्वा आल्या त्या सूप घेऊन. सुपात ज्वारी. रिकामं कशाला बसायचं, निवडून होईल, म्हणाल्या. मला म्हणाल्या, तू पण ये, मला एकटीला भ्या वाटतं त्या डबड्यात. मागच्या सीटवर आम्ही दोघी बसलो, मध्ये सूप. आप्पांनी दार लावलं, तेही हळूच. अव्वा खडे वेचायला लागल्या. मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेले. आप्पा मात्र काचेबाहेरून बघायलाही थांबले नाहीत. त्यांना गिरणीतलं आठवलं होतं की कोरड्या हवेत पाणी उडवलं की गारवा होतो, मग जाळीवर उडवलं तर यंत्राचा भार हलका होईल. म्हणून ते भर उन्हात गाडीपुढे झारी घेऊन उभे राहिले आणि जाळीवर बारीक धार सोडायला लागले. मेहबूबभाई इंजिनाचा वेग हातानं धरून वाकलेले.

अव्वांची बोटं हळू हळू मंद झाली. मग थांबली. मान मागे टेकली. मी काही विचारणार होते, बघते तर डोळा लागलेला. मी तीन वर्षांत त्या बाईला दुपारी आडवी झालेली बघितली नव्हती. सुपातली ज्वारी सांडू नये म्हणून मी सूप माझ्या मांडीवर घेतलं आणि हलले नाही. कपाळावरच्या आठ्या मिटल्या होत्या. तोंड जरासं उघडं. खरंच सांगते, त्या वेळी मला त्या सोळा-सतरा वर्षांच्या दिसल्या, डबा नेला असो की नसो.

तासाभरानं मी दार किलकिलं करून उतरले. झळ अशी लागली की डोळे मिटले. आप्पा तिथंच. टोपी नाही, सदरा अंगाला चिकटलेला, झारी हातात. अंगणातला पिंप रिकामा झाला होता, पिण्याच्या पाण्याच्या घागरीही संपत आल्या होत्या. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. "निजलीय न्हवं?" मी मान हलवली. त्यांनी पुन्हा धार धरली. मी त्यांना सावलीत व्हा म्हणून खुणावलं, तर मानसुद्धा वळवली नाही. राग आला मला, आणि रडू पण. मी माझ्या खोलीतलं पाणी आणून त्यांच्या झारीत ओतलं.

अर्ध्या तासानं मेहबूबभाईंनी मला खुणेनं बोलावून डोळा दाखवला. कडेनं एकेक बुडबुडा, मग चार, मग सगळा फेस. आप्पांनीही बघितला.

अव्वा जाग्या झाल्या तेव्हा आतला वारा कोमट व्हायला लागला होता. त्या गडबडीनं उतरल्या, किती वाजले म्हणून विचारलं, साडेचार म्हटल्यावर जीभ चावली. पदर सारखा केला, सूप घेतलं. आप्पा झारी धरून समोर उभे. मेहबूबभाई उभे. मी उभी. अव्वा आमच्या मधून तशाच स्वयंपाकघराकडे निघाल्या. बरं म्हणाल्या नाहीत, वाईट म्हणाल्या नाहीत. उंबऱ्यापाशी गेल्या आणि तिथं थांबून, मागे वळून, त्यांनी आप्पांना विचारलं,

"उद्याबी लावणार न्हवं?"

आप्पांनी डोळ्याकडे बघितलं. फेससुद्धा उरला नव्हता.

"लावतो की," ते म्हणाले.

अव्वा आत गेल्या. आप्पांनी झारी खाली ठेवली, रिकामा सिलिंडर खांद्यावर घेतला आणि मला विचारलं, "बाई, पुन्याला आता गाडी किती वाजता हाय ओ?"